भरलेली बाटली

परवा घर आवरताना माळ्यावरच्या खोक्यात लेकीची जुनी पाण्याची बाटली सापडली. निळ्या रंगाची, झाकणाला दोरी असलेली, आठवीत असताना घेतलेली. लेक आता कॉलेजात जाते. बाटली पुसून कुणाला तरी द्यावी म्हणून हातात घेतली आणि तशीच बसून राहिले. ही बाटली कितीतरी महिने रोज सकाळी भरून शाळेत जायची आणि रोज संध्याकाळी जवळजवळ तेवढीच भरलेली घरी यायची. मी ते पाणी मोरीत ओतायची, बाटली विसळायची आणि सकाळी पुन्हा भरून द्यायची. ओतताना मला एकदाही प्रश्न पडला नाही. शाळेतल्या नळाचं पीत असेल, असंच मी धरून चालले होते.

मी मूळची भालकीची. वडील मराठी, आई कन्नड. घरात वडिलांशी एक भाषा आणि आईशी दुसरी, हे आम्हा भावंडांना कधी वेगळं वाटलं नाही. लग्न होऊन आले ती आदिलाबाद जिल्ह्यात, बेला भागात, पैनगंगेच्या अलीकडच्या एका खेड्यात. नदीपलीकडे महाराष्ट्र. इथे घरात मराठी, शाळेत आणि कचेरीत तेलुगू. माहेर सोडून दूर आले असं माहेरचे लोक म्हणतात, पण सासरे गमतीनं म्हणायचे, "आपण सारे एकाच निजामाच्या घरचे." खरंच आहे ते. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बीदर, मराठवाडा आणि आदिलाबाद एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या दिवशी बीदर म्हैसूरकडे गेलं, मराठवाडा मुंबईकडे आणि आदिलाबाद आंध्राकडे. पुढे २०१४ मध्ये आमचं तेलंगण झालं. सरकारं बदलली, पाट्यांवरची लिपी बदलली. शाळेतल्या मुलींची एक अडचण मात्र तिन्ही मुलखांत तशीच राहिली. आज तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

लॉकडाऊननंतर आमच्याकडच्या शाळा १ सप्टेंबर २०२१ ला उघडल्या. दीड वर्ष घरी बसलेली लेक आनंदानं जाऊ लागली. डिसेंबरात तिला ताप आला. आदिलाबादची थंडी म्हणजे साऱ्या तेलंगणात गाजलेली. मला वाटलं, थंडीचा ताप असेल. काढा दिला, पोट शेकलं. तिसऱ्या दिवशी ती कुशीवर वळून रडायला लागली तेव्हा कुठे तिनं सांगितलं, लघवीला आग होते, आठ-दहा दिवस झाले.

आदिलाबादला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं आणि तेलुगूत विचारलं, "शाळेत पाणी किती पितेस?" लेक म्हणाली, "पीत नाही." मग माझ्याकडे न बघताच मराठीत म्हणाली, "आई, पाणी पिलं की जावं लागते. जायला जागाच नाही."

सकाळी साडेआठला घर सोडलेली पोर संध्याकाळी पाचला घरी यायची. तेवढा वेळ ती पाणी पीत नव्हती आणि लघवीलाही जात नव्हती. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते. ती तासन् तास धरून ठेवली की आत जंतू वाढतात. मुलींचा मूत्रमार्ग मुलांपेक्षा आखूड, म्हणून जंतू वर मूत्राशयापर्यंत लवकर पोचतात. पुन्हा पुन्हा असं झालं, तर किडनीवर जाऊ शकतं. औषधाचा कोर्स दिला, दिवसाला दीड-दोन लिटर पाणी सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "शाळा असली की अशा मुली माझ्याकडे नेहमी येतात."

त्या रात्री मला झोप आली नाही. कानात आईचा आवाज घुमत होता. भालकीला शाळेत निघताना ती रोज दारातून सांगायची, "भाळ नीर कुडीब्याडव्वा." जास्त पाणी पिऊ नको गं. आमच्या शाळेत मुलींसाठी काहीच सोय नव्हती. मागे बाभळी होत्या. मधल्या सुट्टीत चौघी मिळून जायचो. तिघी बसायच्या, एक पाठ करून पहारा द्यायची. पाळी सुरू झाल्यावर तर महिन्यातले तीन-चार दिवस शाळा बुडायचीच. माझ्या बाकावरची मैत्रीण आठवीनंतर आलीच नाही. घरच्यांनी काहीतरी दुसरं कारण सांगितलं, पण आम्हा मुलींना खरं कारण माहीत होतं.

आणि मी काय केलं? लग्नाला निघताना, माहेरच्या बसमध्ये बसताना, जत्रेला जाताना मीही लेकीला हेच शिकवलं होतं. "निघायच्या आधी पाणी पिऊ नको." आईनं कन्नडमध्ये सांगितलेलं मी मराठीत सांगितलं, एवढाच काय तो फरक.

तुमच्या कधी लक्षात आलं आहे का बघा. या गोष्टीला आपल्या भाषांत सरळ शब्दच नाही. मराठीत आपण म्हणतो, बाहेर जाऊन येते. कन्नडमध्ये आई म्हणायची, होरकडी. इथे तेलुगू शेजारीण म्हणते, बयटिकि. तिन्हींचा अर्थ एकच, बाहेर. आणि पाळी आली तरी तीच बाई तिन्ही भाषांत 'बाहेर'च बसते. बाईच्या देहाची जी गरज असेल ती घराबाहेर, गावाबाहेर, बोलण्याबाहेर. मग शाळा बांधणाऱ्यांनाही ती नकाशाबाहेरच राहिली तर नवल काय?

लेकीला जरा बरं वाटल्यावर मी शाळेत गेले. तोंडात चार कडक वाक्यं घोळवतच गेले होते. पण पाहते तर मुलींचं स्वच्छतागृह होतं! चांगलं पक्कं बांधलेलं, भिंतीवर रंगीत अक्षरांत स्वच्छतेचा संदेश. दाराला कुलूप होतं.

हेडमास्तर सार बिचारे भले गृहस्थ. त्यांनी मला बसवून सगळं सांगितलं. वरची टाकी आहे, पण माकडांनी पाइप तोडला तो तसाच राहिला. मोटार जळली. पूर्वी सफाईला एक बाई यायची. कोरोनानंतर शाळांच्या सफाई कामगारांना परत घेतलं नाही, काम ग्रामपंचायतीच्या माणसांकडे दिलं. पंचायतीच्या दोन माणसांना गावाच्या नाल्या आवरत नाहीत, शाळेत ते कधी येणार? पाणी नाही, झाडणारं कुणी नाही, दोन दिवसांत घाण होते. म्हणून कुलूप. किल्ली ऑफिसात. कुणी मोठे पाहुणे तपासणीला आले की उघडतात.

"मुलींनी मागितली तर देतो की," ते म्हणाले. आता तुम्हीच सांगा, तेरा-चौदा वर्षांची कोणती पोर भर ऑफिसात चार पुरुष शिक्षकांसमोर जाऊन ती किल्ली मागेल? बाहेर पडताना शाळेतल्या बाई माझ्यामागे आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अम्मा, मीसुद्धा सकाळी चहा न पिता येते."

कुलपाची ही गोष्ट एकट्या आमच्या गावची नव्हती, हे मला नंतर कळलं. आमच्या नात्यात एक मास्तर आहेत, त्यांनी सगळी माहिती वाचून दाखवली. कायद्यात काही कमी नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं आणि पिण्याचं शुद्ध पाणी शाळेत हवंच, असं त्यात लिहिलं आहे. ३ ऑक्टोबर २०१२ ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना ही सोय सहा महिन्यांत करा म्हणून बजावलं. १५ ऑगस्ट २०१४ ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी वर्षभरात प्रत्येक शाळेत मुलींचं वेगळं स्वच्छतागृह करण्याची घोषणा केली आणि पुढच्या वर्षभरात देशात चार लाखांवर स्वच्छतागृहं बांधून झाल्याचं जाहीर झालं.

मग सरकारचेच हिशेब तपासणारे, ज्यांना कॅग म्हणतात, त्यांनी सरकारी कंपन्यांनी शाळांत बांधलेल्यांपैकी २,६९५ स्वच्छतागृहं १५ राज्यांत जाऊन पाहिली. हा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत आला. त्यातली काही मुळात बांधलीच नव्हती, काही अर्धवट होती. जी उभी होती त्यांतली सुमारे ३० टक्के वापरात नव्हती आणि सुमारे ७२ टक्क्यांमध्ये नळाचं पाणी नव्हतं. निम्म्याहून जास्त ठिकाणी हात धुवायची सोय नव्हती. मास्तर वाचत होते आणि माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शाळेचं ते कुलूप होतं.

त्यावरून मला एक कळलं. संडास ही एकदा बांधायची वस्तू नाही. ते चुलीसारखं रोजचं काम आहे. चूल मांडली म्हणजे घर जेवलं असं होत नाही. रोज पाणी, रोज झाडू, साबण, आतून लागणारी कडी आणि उघडी किल्ली, यातलं एक जरी नसलं तरी ती नुसती चार भिंतींची खोली. बांधण्यासाठी पैसे येतात, उद्घाटनाला फोटो निघतो. रोजच्या झाडण्याचा फोटो कोण काढणार?

तुम्ही म्हणाल, ही खेड्यातली रड आहे. मलाही तसंच वाटायचं. नणंदेची मुलगी आदिलाबादला एका खासगी इंग्रजी शाळेत होती. तिथे भिंतीला टाइल्स, नळाला पाणी, सफाईला बाई, सगळं होतं. मी नणंदेला सहज म्हटलं, "तुमच्या पोरीचं बरं आहे." नणंदेनं मुलीलाच हाक मारली. ती म्हणाली, "मामी, सुट्टी दहा मिनिटांची. मुलींची रांग एवढी, की नंबर यायच्या आत घंटा होते. तासाला विचारलं तर टीचर म्हणतात, आत्ताच तर सुट्टी झाली ना?" तिचीही बाटली भरूनच यायची. खेड्यात किल्ली मिळत नाही, शहरात परवानगी मिळत नाही. पोरीला काय, दोन्हींकडे सारखंच.

मी हा विषय आमच्या महिला संघममध्ये काढला. बचतगटाला आमच्याकडे संघम म्हणतात. महिन्याच्या हप्त्याच्या बैठकीत हे बोलायला मला फार लाज वाटली. पण एकदा तोंड उघडल्यावर दर दुसरी बाई आपल्या पोरीची गोष्ट सांगू लागली. एकीची मुलगी मधल्या सुट्टीत अर्धा कोस चालत घरी यायची, म्हणून दुपारच्या शाळेला रोज उशीर. एकीची पाळीच्या दिवसांत येतच नव्हती. आम्ही ठरवलं, सारकडे जाऊन सांगायचं की किल्ली आमच्याकडे द्या, पाण्याचं आम्ही बघतो.

तेवढ्यात कोपऱ्यात बसलेली एक बाई म्हणाली, "पाण्याचं बघसाल. झाडाचं कोन बघंल?"

ती आमच्या गावच्या खालच्या वस्तीतली. तिनं सांगितलं ते ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो. तपासणीच्या आदल्या दिवशी स्वच्छतागृह धुवून घ्यायचे ते मुलींकडूनच, आणि त्या मुली दर वेळी त्याच दोघी. दोघीही त्याच वस्तीतल्या. कुणी तसं उघड सांगत नव्हतं, पण नावं मात्र तीच निघायची. "माही पोरगी घरी झाडते, शाळेतबी झाडंल," ती म्हणाली. "पन मंग साऱ्यांच्या पोरी झाडतीन."

खरं सांगते, त्या क्षणी माझी मान खाली गेली. मी लेकीच्या आजारपणावरून रागावून शाळेत गेले होते. पण तपासणीच्या दिवशी ती जागा चकचकीत कशी होते, कुणाच्या हातांनी होते, हे मी सारला विचारलं नव्हतं. माझ्या लेकीचं नाव त्यात नव्हतं, म्हणून मला ते दिसलंच नव्हतं. घरी येऊन लेकीला विचारलं. तिला माहीत होतं. "सगळ्यांना माहीत आहे आई," ती म्हणाली.

दुसऱ्या बैठकीला सासूबाई काठी टेकत माझ्यासोबत आल्या. शाळेतला संडास आपण धुवायचा या कल्पनेवर बायकांची कुजबुज चालली होती. सासूबाई म्हणाल्या, "काहून वं, तुमचे हात का सोन्याचे हायेत? गाडगेबाबा गावात येत तं आंधी खराटा घेत. गाव झाडून झालं का मंग बोलत. तुम्ही आंधीच बोलून राह्यल्या."

गाडगेबाबा नदीपलीकडच्या वऱ्हाडातले, परीट कुळातले. माझ्या भालकीच्या आजीच्या तोंडी असंच एक नाव असायचं, मडिवाळ माचय्यांचं. बसवण्णांच्या काळातले शरण, तेही परीटच. आमचं बसवकल्याण भालकीपासून फार दूर नाही. आजी सांगायची, हातानं केलेलं प्रामाणिक काम म्हणजे कायक, त्यात लहान-मोठं नसतं. माहेरच्या आजीचं कन्नड आणि सासूबाईंची वऱ्हाडी या एका ठिकाणी येऊन मिळाल्या. दोघींच्याही गोष्टीतला माणूस खराट्याला किंवा मळक्या कपड्याला हात लावायला दुसऱ्याला सांगत नाही.

मग एकदाचं ठरलं. पोरींनी संडास धुवायचा नाही, कुणाच्याच नाही. मुलांनी आणि मुलींनी वर्ग झाडावा, हात धुवावेत, आपण गेलो तर पाणी टाकून यावं. तेवढं सगळ्यांनी करायचं. धुण्याची पाळी आयांची, दर शनिवारी दोघींची. पहिल्या शनिवारी मी आणि ती खालच्या वस्तीतली बाई. लांब दांड्याचा ब्रश, हातमोजे, फिनेलची बाटली घेऊन आम्ही आत गेलो. मला मळमळलं, खोटं कशाला बोलू? तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "व्हा बाजूला, मी करतो." मी बाजूला झाले नाही. एवढी एकच गोष्ट मी त्या सगळ्या प्रकरणात बरी केली, असं मला वाटतं.

बाकीचं काही फार मोठं नव्हतं. घरटी वीस रुपये काढून आतून लावायची कडी बसवली, पाइप जोडला, मोटार दुरुस्त होईतोवर झाकणाचा ड्रम आणि दोन मगे ठेवले. साबण चोरीला जातो म्हणाले, तर तो जाळीच्या पिशवीत घालून नळाला बांधून टाकला. वापरलेल्या पॅडसाठी झाकणाचा डबा ठेवला. आणि किल्ली ऑफिसातून काढून मुलींच्या वर्गात, दाराच्या आतल्या बाजूला खिळ्यावर लावली. कुणाला विचारायचं नाही, हात वर करायचा नाही, घ्यायची आणि जायचं. बाईंसाठी दुसरी किल्ली केली.

त्याच सुमारास, मार्च २०२२ मध्ये, राज्य सरकारनं 'मन ऊरु, मन बडी', म्हणजे आपलं गाव, आपली शाळा, ही योजना सुरू केली. तिच्या १२ कामांत नळाच्या पाण्यासह स्वच्छतागृह होतं. आमची शाळा पहिल्या यादीत नव्हती. पुढे २०२४ मध्ये शाळांच्या दुरुस्तीचं काम महिला संघमच्या 'अम्मा आदर्श पाठशाला' समित्यांकडे आलं आणि त्याच वर्षी सफाईसाठी वेगळा निधी ठरला, मुलांची संख्या पाहून महिना ३ हजारांपासून २० हजारांपर्यंत. आता आमच्या शाळेत पगार देऊन एक बाई येते. ती पुन्हा खालच्या वस्तीतलीच आहे, हे मला खुपतं. पण तिचे हातमोजे, तिचा ब्रश आणि तिचा पगार यांवर संघम लक्ष ठेवतो. पैसे यायला उशीर झाला तर आम्ही गटातून देतो. ती नसेल त्या दिवशी आयांची पाळी आजही लागते.

सगळं छान झालं असं मी म्हणणार नाही. मे महिन्याच्या आधीच टाकी तळाला जाते. माकडं पाइप सोडत नाहीत. एकदा किल्ली पुन्हा ऑफिसात गेली होती, मुलींनीच घरी येऊन सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी जाऊन खिळ्यावर लावून आलो. पण मुली सांगायला आल्या, हे मला मोठं वाटलं. आमच्या वेळी बाभळीमागची गोष्ट आम्ही आईलासुद्धा सांगितली नव्हती.

मला आठवतं, लेकीची शाळा पुन्हा सुरळीत झाल्यावर एका संध्याकाळी मी सवयीनं बाटली मोरीत ओतायला गेले आणि चार थेंब पडले. मी आत ओरडून विचारलं, "अगं, पाणी सांडलं का?" ती म्हणाली, "नाही, पिलं." एवढंच बोलणं झालं आमचं.

माहेरी भालकीला हे साप्ताहिक येतं. भाऊ माझ्यासाठी अंक जपून ठेवतो, मी गेले की सगळे एकदम वाचते. हा अंक माझ्या वहिनीच्या, भाच्यांच्या हाती पडेल. तुमच्याही पडेल. घरात शाळेत जाणारी मुलगी, नात, भाची असेल, तर आज ती घरी आली की दप्तराआधी तिची बाटली हातात घ्या. जड लागली तर रागावू नका. जवळ बसवून हळूच विचारा, शाळेतली किल्ली कुणाकडे असते?